आत हात घालून बघा

ड्रेसिंगच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरला जखमांची कधी किळस वाटली नव्हती. पू, सडकं मांस, पट्टी उलगडताना सुटणारा तो गोडसर वास, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या टाचेत वळवळणाऱ्या अळ्या, हे सगळं तिने चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि हात धुऊन निवांत डबा खाल्ला होता. तिला पहिल्यांदा शिसारी आली ती एका गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कार्डाची.

कार्ड गळ्यात अडकवायचं होतं. त्यावर एका मोठ्या हृदयाच्या चित्राखाली तीन ओळी होत्या. रुग्णाच्या डोळ्यांत बघा. त्याचा हात सात सेकंद धरा. त्याला तुमच्या घरातली गोष्ट सांगा. इस्पितळात नवा संवाद कक्ष सुरू झाला होता आणि त्याच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना दोन दिवसांच्या शिबिराला बसवलं होतं. सगळ्यांना म्हणजे नर्सेस आणि आयांना. डॉक्टर मंडळींना वेळ नव्हता, आणि ते कसेही बोलले तरी त्यांना कुणी विचारत नाही.

या बाईंना पहिल्याच दिवशी संवादबाई हे नाव पडलं. बाई अत्तराचा घमघमाट करत आल्या, सगळ्यांना डोळे मिटायला लावलं आणि आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख आठवायला सांगितलं. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. बिचाऱ्या आयांनी डोळे मिटले आणि घरी गॅस बंद केला होता की नाही ते आठवत बसल्या. मग संवादबाई म्हणाल्या, "माणसाला माहिती नको असते, गोष्ट हवी असते." यात खोटं काही नव्हतं. सिस्टरला ते पटलंसुद्धा. पण मागच्या रांगेतल्या एका नर्सने विचारलं, "आमच्या घरात तसं काही घडलंच नसेल तर?" तेव्हा संवादबाई गोड हसून म्हणाल्या, "भावना खरी असली की झालं. गोष्ट जुळवता येते." सिस्टरच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

तरीही तिने ते कार्ड गळ्यात घातलं, कारण तिचीच बाजू लंगडी होती. तिची जीभ कडक आहे अशा दोन तक्रारी पेटीत पडल्या होत्या. मेट्रन म्हणाली होती, "काम सोन्यासारखं करतेस, पण तोंड उघडलंस की माणूस पळतो." आणि त्याच आठवड्यात तिच्यासमोर जोडेकाका बसले होते, ज्यांना ती चार वेळा समजावून थकली होती.

जोडेकाका चाळीस वर्षं बूट-चपला दुरुस्त करत. बस डेपोच्या मागे त्यांचं दुकान होतं. साठी ओलांडलेले, मिश्किल, कुणाच्याही तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघणारे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली त्यांना जखम होती. साखरेचा आजार बारा वर्षांचा, आणि जखम हाडापर्यंत पोचली होती. सर्जनने सांगितलं होतं की अंगठा आत्ता काढला तर पाऊल वाचेल. जोडेकाकांचं म्हणणं एकच होतं.

"सिस्टर, दुखतंय कुठं? दुखत नाही ते काढायचं कशाला? दुखायला लागलं की येतो ना मी."

"दुखत नाही हाच आजार आहे काका. साखरेने नसा मेल्यात तुमच्या."

"मेलेल्या नसांचा माणूस दिवसभर पायांत चामडं धरून शिवतो होय?" ते हसून म्हणायचे. आणि खरंच, हसत यायचे, हसत जायचे. सिस्टर नसांचं चित्र दाखवायची, कागद द्यायची. त्या कागदाची नीट घडी घालून ते कुणाच्या तरी सैल बुटात कोंबत असणार, याची तिला खात्री होती.

म्हणून त्या मंगळवारी तिने कार्डावरचा उपाय करून पाहिला. पट्टी अर्धी बांधून झाली होती. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा हात धरला. मनात सात आकडे मोजले, आणि पाचव्या आकड्याला स्वतःचीच लाज वाटली तरी मोजत राहिली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "काका, माझ्या वडिलांना अगदी हेच झालं होतं."

जोडेकाकांचं हसू ओसरलं. "असं? कधी?"

"चार वर्षं झाली. त्यांनीही ऐकलं नाही. शेवटी डावं पाऊल अर्धं काढावं लागलं. रात्र रात्र रडायचे."

गोष्ट आपोआप पुढे सरकत होती. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि त्या पाण्याने ती स्वतःच चकित झाली. जोडेकाकांनी पायावरची नजर उचलून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, लागू पडलं.

"डावं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"परवाच मी त्यांच्या डाव्या चपलेला टाच बसवून दिली," जोडेकाका म्हणाले. "दोन्ही पायांनी चालत आले होते. जाताना माझ्या पायरीवरून उडी मारून गेले. या वयात."

सिस्टरच्या हातातली पट्टी तशीच राहिली. बाबा त्यांच्याकडे जातात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती ड्यूटीवर असताना बाबा कुठे कुठे फिरतात, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"त्यांनीच मला पाठवलं तुमच्याकडे," जोडेकाका म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "म्हणाले, माझी पोर कडू आहे, पण खोटं बोलत नाही. म्हणून आलो होतो. नाहीतर ड्रेसिंग काय, डेपोपाशीही होतं."

त्यांनी पट्टीचं उरलेलं टोक स्वतःच गुंडाळलं, एक गाठ मारली, बुटात पाय सरकवला आणि निघून गेले. सिस्टरला उठून दारापर्यंत जाववलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिने तोंड फिरवलं. तिला स्वतःची इतकी घाण वाटली की तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, आणि ती घाण हातांवर नव्हती हे धुताना कळत होतं. संध्याकाळी संवाद कक्षाचा फॉर्म भरायचा होता. 'गोष्ट सांगितली: हो / नाही. रुग्णाचे डोळे पाणावले: हो / नाही.' पहिल्यावर तिने 'हो'वर खूण केली. दुसऱ्या प्रश्नात नर्सच्या डोळ्यांचं विचारलेलं नव्हतं.

जोडेकाका पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचा फोन नंबर केसपेपरवर होता. दुकान चालत वीस मिनिटांवर होतं. सिस्टरने ना फोन केला, ना ती गेली. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत तिने तीन आठवडे घालवले, कारण त्या माणसासमोर उभं राहायचं म्हणजे तोंड दाखवायचं, आणि तोंड दाखवायची हिंमत नव्हती. दुसऱ्याच्या पायात किडा पडताना बघून न घाबरणारी ही बाई एका वाक्याच्या माफीला घाबरली. हे ऐकताना कुणाला तिची दया येत असेल तर येऊ नये.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी सकाळी बाबा दारात बसून डाव्या पायाचा तळवा चोळत होते.

"काय झालं?"

"काही नाही गं. चपलेत खिळा आलाय. टोचतोय दोन-तीन आठवडे. दगडाने ठोकला, पुन्हा वर येतो."

सिस्टरने चप्पल उचलली आणि आत बोट फिरवलं. टाचेपाशी टोक चांगलं वर आलं होतं. बोटाला लागलंच. "हे त्या डेपोमागच्या काकांचं काम?"

"त्याचंच. आणि गंमत बघ, त्याचा नियम आहे, हात घालून बघितल्याशिवाय जोडा परत देत नाही. खिळ्याचं टोक राहिलंय का ते बोटांनी चाचपून बघतो. माझ्या डोळ्यांदेखत हात घातला, सगळीकडे फिरवला आणि म्हणाला, साफ आहे." बाबा हसले. "म्हातारा झाला बिचारा."

सिस्टर हसली नाही. ती चपलेतल्या त्या टोकाकडे बघत राहिली. ज्या माणसाची अख्खी हयात बोटांनी टोक शोधण्यात गेली, त्याला हे टोक लागलं नाही. तिने चप्पल पिशवीत टाकली.

"अगं, मग मी काय घालू?" बाबा ओरडले.

"स्लीपर घाला!" ती जिन्यावरून म्हणाली.

दुकान म्हणजे चार पावलांची जागा. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर दुरुस्त झालेले जोडे, प्रत्येकाला चिठ्ठी. जोडेकाका मांडीत लोखंडी ठोकळा घेऊन बसले होते आणि शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी, काकू, एका बुटाला ब्रश मारत होत्या. चामडं, पॉलिश आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास नाकात घुसला. पण त्याच्या खालून दुसरा एक वास येत होता, गोडसर, आणि तो सिस्टरला बावीस वर्षांच्या ओळखीचा होता. तो इतका दाट होता की तिचा पाय उंबऱ्यावरच अडला. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या वासाने मळमळलं, कारण आज त्यात तिचा वाटा होता.

"या," जोडेकाका मान वर न करता म्हणाले. ते तिच्या पायांवरून तिला ओळखत असावेत. "वडिलांचा पाय उगवला का पुन्हा?"

"मी खोटं बोलले, काका."

"ते माहितीये मला. पुढं बोला."

पुढे बोलायचं तिने वाटेत बरंच ठरवलं होतं. ते सगळं टाकून तिने पिशवीतून चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "आत हात घालून बघा."

"तुम्ही मला शिकवणार?"

"बघा तर."

त्यांनी चिडून चप्पल ओढली. पट्ट्यांखालून चार बोटं आत सरकवली, पुढून मागे, मग टाचेपाशी गोल, सावकाश. डोळे अर्धे मिटले होते. ते काम ते इतकं मन लावून करत होते की सिस्टरला बघवेना. "साफ आहे," ते म्हणाले.

"टाचेपाशी परत. जोर देऊन."

त्यांनी जोर दिला. "सांगतोय ना, साफ आहे म्हणून." आणि हात बाहेर काढला.

मधल्या बोटाच्या टोकाला रक्त होतं. थेंब फुगला आणि ओघळून ठोकळ्यावर पडला. जोडेकाकांनी आधी तो थेंब पाहिला, मग बोट. त्यांनी बोट एप्रनला पुसलं आणि पुन्हा पाहिलं. थेंब पुन्हा फुगला.

"दुखलं?" सिस्टरने विचारलं.

काकूंचा ब्रश थांबला होता.

"लांबच्या नसा आधी मरतात, काका. सुरुवात पायांपासून. बोटं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा. हातांची पाळी नंतर येते." ती आता नेहमीच्या आवाजात बोलत होती, कडू म्हणतात त्या. "हातापर्यंत आलं, म्हणजे पाय कधीचेच गेलेत. तुमच्या पायात आग लागली तरी तुम्हाला कळणार नाही. तुम्ही दुखायची वाट बघताय. ते कधीच दुखणार नाहीये."

जोडेकाका उठले. फळीवरचा एक जोडा काढला, आत हात घातला, बाहेर काढला आणि काकूंपुढे धरला. "तू बघ."

काकूंनी हात घातला. "नाही काही."

दुसरा. "नाही." तिसरा, लहान मुलीचा, पुढे फूल लावलेला. काकूंनी बोटं आत घातली आणि चटकन बाहेर काढली. त्यांनी बोट पदरात दाबलं. चौथा साफ होता. पाचव्यात पुन्हा होता.

"बास," जोडेकाका म्हणाले. तो लहान जोडा त्यांनी परत हातात घेतला होता. "शी! लोकांच्या पायांत घातले मी. चिठ्ठी लावून दिले. साफ आहे म्हणून दिले." त्यांनी दुकानाबाहेर तोंड नेलं आणि गटाराच्या कडेला खरोखरच ओकले. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. चूळ भरून ते परत आले, स्टुलावर बसले आणि वाकून डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले. दुकानात एरवी कुणासमोर बूट न काढणारा माणूस. बूट निघाला तसा तो वास दुकानभर झाला आणि काकूंनी पदर नाकाला लावला.

"महिनाभर म्हणतेय मी, घरात वास येतोय," त्या रडत म्हणाल्या. "हे म्हणतात, चामड्याचा आहे."

अंगठा काळा पडला होता. शेजारची दोन बोटंही. लाली घोट्याच्या दिशेने चढत होती.

"चला," जोडेकाका म्हणाले. "कुठं सही करायची ती करतो."

सर्जनने दुपारी पाय पाहिला आणि केसपेपरवरच्या तारखा पाहिल्या. "तीन आठवड्यांपूर्वी आले असते तर अंगठ्यावर भागलं असतं," तो सिस्टरला म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं, तो सहज बोलला. मग त्याने अर्धं पाऊल काढलं. डावं.

जोडेकाका शुद्धीवर आल्यावर सिस्टरने त्यांना तारखांचं सगळं सांगितलं. माफी मागितली. ते छताकडे बघत ऐकत होते. "निम्मे दिवस तुमचे, निम्मे माझे," ते म्हणाले. "वाटून घेऊ." नंतर त्यांनी कूस बदलली. त्यांनी तिला माफ केलं की नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

ही बातमी संवाद कक्षापर्यंत पोचायला चार दिवस लागले. संवादबाई कॅमेरा आणि अत्तर घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत आल्या. "चप्पल घेऊन तुम्ही त्यांच्या दुकानात गेलात! किती सुंदर! मला अंगावर काटा आला. सांगा ना, त्यांचं मन तुम्ही कसं वळवलंत?"

सिस्टर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या कार्डावर लिहिलंय तसं मी त्यांना खोटं सांगितलं. ते उठून गेले. मी लाजेने तीन आठवडे गेले नाही. एका अंगठ्याचं काम होतं, अर्धं पाऊल गेलं."

संवादबाईंनी मान हलवली, अतिशय समजूतदारपणे. सिस्टरचा हात धरला. सिस्टरने मोजले, सातच सेकंद. "हे आपण कापू," बाई म्हणाल्या. "फक्त चपलेचं ठेवू. ते फार बोलकं आहे."

आणि ठेवलंही. दोन महिन्यांनी प्रत्येक वॉर्डात एकेक खोका आला. त्यात नवाकोरा बूट, बुटात रबराचा खिळा, सोबत हृदयाचं चित्र छापलेला कागद. रुग्णाला आत हात घालायला सांगा, मग सात सेकंद थांबा. प्रवेशदारापाशी सिस्टरचा मोठा फोटो लागला, खाली 'आमची कथाकार' असं लिहिलेलं. ती रोज मागच्या, कचऱ्याच्या गाड्या जातात त्या दारातून आत येऊ लागली. तिथे वास बरा होता.

जोडेकाका काठी टेकत ड्रेसिंगला येत. एकदा त्यांनी तो खोक्यातला बूट उचलला, उलटा केला, शिवण पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "हे कुणी शिवलंय? मशीनने ओकलंय नुसतं." आत हात घातला. बराच वेळ फिरवला. मग तिच्याकडे देत म्हणाले, "मला काही कळत नाही. तुम्ही बघा."

"रबर आहे, काका. मलाही टोचत नाही."

"मग कशाला ठेवलाय?"

तिने कापसाचा गुंडाळा उचलला, एक मोठा बोळा तोडला आणि स्वतःच्या बुटात घालून फिरवून दाखवला. "खिळा असेल तर कापूस अडकतो. तंतू मागे राहतात. बोटांचं काम नाही, डोळ्यांनी दिसतं. काकू नसल्या तरी करता येईल."

जोडेकाकांनी बोळा हातात घेतला आणि चाचपला, सवयीने. मग चाचपणं थांबवून नुसतं पाहिलं. "द्या थोडा जास्त," ते म्हणाले. "फळीवरचे सगळे परत बघायचेत. ती फूलवाली पोर अजून न्यायला आली नाहीये."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सिस्टर घरी आली तेव्हा बाबा बाहेर निघाले होते. जोडेकाकांनी दुरुस्त करून दिलेल्या चपला हातात होत्या.

"तुझे जोडेकाका भेटले," बाबा म्हणाले. "चहा पाजला त्यांनी. म्हणाले, तुमच्या लेकीने तुमचा पाय कापला होता म्हणे. मला हसू आवरेना. कुठला गं कापलास?"

सिस्टर मोरीपाशी उभी होती. नळ चालू होता.

"डावा," ती म्हणाली.

बाबा हसता हसता थांबले. त्यांनी हातातल्या डाव्या चपलेत बोटं घातली आणि टाचेपाशी सावकाश फिरवली. टोक नव्हतं, फक्त कापसाचा एक सुटा तंतू निघाला, तो त्यांनी फुंकून उडवला.

"जोडेकाकांचाही डावाच गेला ना?"

"हो, बाबा."

बाबांनी चपला पायांत घातल्या आणि बाहेर पडले. सिस्टरने साबण घेतला आणि हात कोपरापर्यंत धुवायला सुरुवात केली.